लाटांच्या गावी पाच दिवस

नागपूरला सीताबर्डीच्या टेकडीपासून थोड्याच अंतरावर ‘झिरो माईल’चा दगडी स्तंभ आहे. मेट्रोने गेलात तर सीताबर्डीच्या पुढचेच स्थानक त्याच्या नावाचे. स्तंभाजवळचे चार घोडे पाहायला बरेच लोक थांबतात. पण स्तंभाच्या आग्नेयेला एक लहानसा दगडही आहे, त्याच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. तो १९०७ सालचा आहे. त्याच्या माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर आहे.

हा आकडा जरा निरखून पाहा. दशांश चिन्हापुढे तीन अंक आहेत! एक हजारांश फूट म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम तिसरा भाग. सीताबर्डीहून कोणत्याही दिशेला निघालात तरी समुद्र पाचशे किलोमीटरहून अधिक दूर. मग इतक्या दूरच्या समुद्रापासून इतकी बारीक मापे मोजायची कशी? आणि समुद्र तरी कुठे स्थिर असतो? लाटा दर काही सेकंदांनी त्याला वरखाली करतात. भरती-ओहोटी त्याला दिवसातून दोनदा चढवते आणि उतरवते. मग ‘सपाटी’ म्हणायचे कशाला?

उत्तर सोपे आहे. सपाटी ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट नाही, ती सरासरी आहे. बंदरात एक विहिरीसारखी उभी नळी बांधतात आणि तिच्या तळाशी लहान छिद्र ठेवतात. बाहेर लाटा कितीही उसळोत, त्या छिद्रातून पाणी हळूहळूच आत-बाहेर जाते. त्यामुळे लाटांची धडपड बाहेरच राहते आणि आतले पाणी फक्त भरती-ओहोटीप्रमाणे चढते-उतरते. त्याची वर्षानुवर्षे नोंद करून सरासरी काढली की समुद्रसपाटी मिळते. मुंबईच्या अपोलो बंदरावर अशी नोंद १८७८ पासून होत आली आहे. १९०९ साली भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभरातल्या उंचीच्या मापांचा मेळ घातला, तेव्हा कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओरिसातील फॉल्स पॉइंट अशा नऊ ठिकाणच्या सरासरीचा आधार घेतला होता.

म्हणजे नागपूरकरांच्या वाट्याला समुद्र आला, तो लाटा पुसून टाकलेला! नकाशातला समुद्रही तसाच, निळा आणि सपाट. पण सुट्टीत आपण प्रत्यक्ष समुद्रावर जातो, तेव्हा गाठ पडते ती लाटांशीच. त्यांची ओळख नसेल तर काय होते, ते पुढे येईलच. आधी त्यांची ओळख करून घेऊ. त्यासाठी एका लहानशा गावात पाच दिवस मुक्काम ठोकावा लागेल.

गाव कोणते?

गोव्याच्या अगदी उत्तरेला पेडणे तालुक्यात हरमल नावाचे गाव आहे. कोकण रेल्वेच्या पेडणे किंवा थिवी स्थानकावर उतरून तिथे जाता येते. समोर अरबी समुद्र, मागे माड, उत्तरेला समुद्रात घुसलेली खडकाळ टेकडी आणि त्या टेकडीपलीकडे समुद्राला अगदी लागून चक्क गोड्या पाण्याचे तळे! गावात कोकणी आणि मराठी दोन्ही कानांवर पडतात. सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून पाव विकणारा पोदेर येतो. कधी किनाऱ्यावर रापणीचे लांबच लांब जाळे ओढताना माणसांची रांग दिसते.

पाठीवर एकच पिशवी टाकून देशोदेशी हिंडणारे मुशाफिर गेली अनेक दशके या किनाऱ्यावर येत आहेत. एखाद्या घरात स्वस्तातली खोली घ्यायची, घाई करायची नाही, समुद्राकडे बघत राहायचे, असा त्यांचा खाक्या. अलीकडे हरमल, आश्वे, मोरजी या किनाऱ्यांवर सर्फिंग शिकवणाऱ्या शाळाही निघाल्या आहेत. सर्फिंग म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येणे. आपण त्याला लाटस्वारी म्हणू. हा खेळ मूळचा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरचा. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणारे हवाई बेटांचे ड्यूक कहानामोकू यांनी तो जगभर नेला. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, त्याला ऑलिंपिकमध्येही स्थान मिळाले.

आपण हरमलला जायचे ते पावसाळा सोडून. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. सोबत एक वही, एक पेन्सिल, सेकंद दाखवणारे घड्याळ आणि घरातले एखादे मोठे माणूस असावे.

पहिला दिवस : पाणी येते की जाते?

पहिल्या दिवशी पाण्यात उतरायचे नाही, नुसते बसायचे. लाटा फुटतात त्याच्याही पलीकडे, खोल पाण्यात तरंगणारी एखादी वस्तू हेरा. नारळाची सोडणे, लाकडाचा तुकडा, काहीही चालेल. एक लाट आली. आता ती वस्तू लाटेबरोबर किनाऱ्यापर्यंत वाहत येणार असे वाटते. पण तसे होत नाही. ती थोडी वर उचलली जाते, थोडी पुढे सरकते, खाली येते, मागे सरकते आणि जवळजवळ मूळ जागी पोचते. लाट मात्र पुढे निघून गेलेली असते.

ज्वारीच्या उभ्या शेतावरून वारा गेला की शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट धावते. पण ज्वारीचे एकही ताट जागा सोडत नाही. समुद्रातही असेच घडते. खोल समुद्रातल्या लाटेत पाण्याचा प्रत्येक कण वर्तुळात फिरतो. लाट एक मीटर उंच असेल तर पृष्ठभागावरचे वर्तुळ एक मीटर व्यासाचे. खाली जावे तसे वर्तुळ लहान होत जाते. लाटेच्या दोन माथ्यांमधल्या अंतराला तरंगलांबी म्हणतात. तरंगलांबीच्या निम्म्या खोलीवर ही हालचाल जवळजवळ थांबते. म्हणजे प्रवास पाण्याचा होत नाही, ऊर्जेचा होतो.

ही ऊर्जा येते वाऱ्याकडून. वारा किती जोराचा आहे, किती वेळ वाहतो आहे आणि पाण्यावरून किती लांबपर्यंत वाहतो आहे, या तीन गोष्टींवर लाटेचा आकार ठरतो. अंबाझरीवर किंवा तेलंगखेडीच्या तलावावर कितीही जोराचा वारा सुटला तरी त्याला धावायला जागा थोडी. म्हणून तिथल्या लाटा बोटभर ते वीतभर उंच आणि एकमेकींना खेटून असतात. महासागरात मात्र वाऱ्याला हजारो किलोमीटरचे मोकळे अंगण असते.

दुसरा दिवस : घड्याळ हाती घ्या

दुसऱ्या दिवशी पहाटेच किनाऱ्यावर या. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो. तो लाटांचे चेहरे गुळगुळीत करतो. दुपारी खारा वारा सुटला की तो स्वतःच्या लहान, घाईच्या लाटा उठवतो आणि सगळी सरमिसळ होते. गोव्याजवळच्या समुद्रात उन्हाळ्यात रोज हे कसे घडते, याचा अभ्यास दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला आहे. ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली.

आता लाटा फुटतात तिथला एक खडक किंवा एक जागा ठरवा. लाटेचा माथा तिथे आला की घड्याळ पाहा आणि ‘शून्य’ म्हणा. पुढच्या माथ्याला ‘एक’. असे दहापर्यंत मोजा. लागलेल्या वेळेला दहाने भागा. हा झाला लाटेचा आवर्तकाल. तीन-चार वेळा मोजून सरासरी घ्या. समजा, दहा लाटांना १६० सेकंद लागले, तर आवर्तकाल १६ सेकंद.

एवढ्या एका आकड्यावरून लाटेची सगळी कुंडली मांडता येते. खोल समुद्रात आवर्तकालाच्या वर्गाला १.५६ ने गुणले की मीटरमध्ये तरंगलांबी मिळते. १६ × १६ × १.५६ म्हणजे सुमारे ४०० मीटर! एवढी अंतरे दुपारच्या खाऱ्या वाऱ्याला जमणारी नाहीत. त्याच्या लाटांचा आवर्तकाल पाच सेकंदांच्या आतबाहेर. तलावातल्या लाटांचा तर एखाद-दोन सेकंदच. मग १६ सेकंदांची लाट आली कुठून? हरमलला तर आकाश निरभ्र आहे, वारा मंद आहे.

ती आली आहे दक्षिण महासागरातून. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ४० ते ६० अंशांच्या पट्ट्यात पृथ्वीभोवती जवळजवळ अखंड समुद्र आहे. त्या पट्ट्यात वर्षभर वादळी पश्चिमी वारे वाहतात. आपल्याकडे कडक ऊन असते, तेव्हाही तिकडे कुठे ना कुठे वादळ चालू असते. त्या वादळात उठलेल्या लाटा वाऱ्याच्या तावडीतून सुटतात आणि हिंदी महासागर ओलांडून आपल्या किनाऱ्याला येतात. सगळ्याच लाटा तिकडच्या नसतात. हिवाळ्यात अरबस्तानाकडून ‘शमाल’ नावाचे वारे सुटतात. त्यांच्या लाटा वायव्येकडून येतात. पण त्यांचा आवर्तकाल दक्षिणेच्या लाटांपेक्षा कमी असतो. घड्याळ असले की पाहुणा कोणत्या गावचा ते ओळखू येते!

इथे कुणी म्हणेल, हजारो किलोमीटर अंतर कापताना लाट विरून कशी जात नाही? हाच प्रश्न अमेरिकेतले समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांना पडला होता. १९६३ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत पॅसिफिक महासागरात ओळीने मापन केंद्रे मांडली आणि दक्षिणेतल्या वादळांच्या लाटांचा दहा हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर माग काढला. वादळाजवळचा भाग सोडला तर लाटांची ऊर्जा वाटेत फारच थोडी खर्च होते, असे त्यांना दिसले.

याचा प्रत्यय आपल्या देशातही येतो. केरळच्या किनाऱ्यावर कधीकधी वारा-पाऊस काहीही नसताना समुद्र अचानक घरांत शिरतो. तिकडचे कोळी त्याला ‘कल्लक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र म्हणतात. या चोराचे घरही दक्षिण महासागरातच आहे. आता हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था अशा लाटांची आगाऊ सूचना देते.

तिसरा दिवस : लाटा नसलेली जागा

तिसरा दिवस सर्वांत महत्त्वाचा. आज दोन गोष्टी पाहायच्या आहेत.

पहिली गोष्ट. तासभर लाटा पाहिल्यात तर दिसेल, की त्या सारख्या उंचीच्या नसतात. काही वेळ लहान लाटा, मग ओळीने चार-पाच मोठ्या, पुन्हा लहान. असे का? समजा, एका वेळी दोन प्रकारच्या लाटा येत आहेत. एकींचा आवर्तकाल १५ सेकंद, दुसऱ्यांचा १६. कधी दोघींचे माथे एकत्र येतात, तेव्हा उंची वाढते. कधी एकीच्या माथ्यावर दुसरीचा खळगा येतो, तेव्हा दोन्ही एकमेकींना खोडून टाकतात. १५ आणि १६ यांचा लघुत्तम साधारण विभाज्य २४०. म्हणजे दर २४० सेकंदांनी, चार मिनिटांनी, मोठ्या लाटांची पाळी येणार. खऱ्या समुद्रात दोनच नाही, तर अनेक प्रकारच्या लाटा मिसळलेल्या असतात, म्हणून हिशेब इतका नेटका राहत नाही. पण पाच-सात मिनिटे शांत दिसलेला समुद्र शांतच राहील असे मुळीच नाही, हे मात्र पक्के. किनाऱ्यावर पोचताच ‘आज समुद्र शांत आहे’ म्हणून धावत सुटणारे इथेच फसतात.

दुसरी गोष्ट. लाट उथळ पाण्यात आली की तिच्या तळाला जमीन लागते. तिचा वेग घटतो. मागून येणारी लाट अजून वेगात असते, म्हणून लाटा जवळजवळ येतात आणि उंच होतात. शेवटी लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या सुमारे आठ दशांश झाली की तिचा तोल जातो आणि ती फुटते. एक मीटरची लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात फुटणार. म्हणजे पांढरा फेस दिसला की तिथे पाणी उथळ आहे असे समजावे.

फुटेपर्यंत लाट पाणी वाहून आणत नव्हती. फुटल्यावर मात्र खरोखरीचे पाणी किनाऱ्याकडे लोटले जाते. लाटेमागून लाट पाणी आणून टाकते. ते परत जाणार कुठून? किनाऱ्याजवळ पाण्याखाली वाळूचे बांध असतात. त्यांच्यामध्ये जिथे खिंड असते, तिथून हे सगळे पाणी एकवटून समुद्राकडे धाव घेते. पाण्याला ओढ आहे, असे म्हणतात ते याच प्रवाहाला. खिंडीत पाणी खोल असते, म्हणून तिथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, गुळगुळीत पट्टा दिसतो. कधी त्यात वाळूमुळे गढूळलेले पाणी बाहेर जाताना दिसते.

आता विचार करा. नदी-तलावाच्या गावची माणसे समुद्रावर आली. लाटांची भीती वाटते. कुठे उतरावे? साहजिकच जिथे लाटा नाहीत तिथे! आणि नेमकी तीच जागा सर्वांत धोक्याची असते. या ओढीचा वेग कधीकधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. जगातले सर्वांत वेगवान जलतरणपटू जलतरण तलावात शंभर मीटर पोहायला सुमारे ४६ सेकंद घेतात, म्हणजे त्यांचा वेगही सेकंदाला दोन मीटरांच्या थोडा वरच. मग तुम्ही-आम्ही त्या प्रवाहाच्या उलट पोहून किती टिकणार? माणूस दमतो तो इथेच, आणि दमला की बुडतो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ती दुर्घटना अजून अनेकांच्या स्मरणात आहे. कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रापासून लांब राहणारी माणसे बुडाल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या आहेत. म्हणून ओढीत सापडल्यास काय करायचे, ते पाठच करून ठेवा.

घाबरून किनाऱ्याकडे हात मारू नका. ओढ माणसाला बाहेर नेते, तळाशी ओढत नाही. म्हणून आधी पाठीवर तरंगत राहा. हात उंच करून मदत मागा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा. हा पट्टा बहुधा दहा-वीस मीटरच रुंद असतो. त्यातून बाजूला निघालात की लाटा फुटत असतील तिकडून परत या. लाटा तुम्हाला किनाऱ्याकडेच ढकलतील. आणि दुसरा कुणी सापडला असेल तर त्याच्यामागे स्वतः उडी घेऊ नका. तरंगणारी वस्तू फेका आणि जीवरक्षकाला हाक मारा. गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून प्रशिक्षित जीवरक्षक नेमलेले आहेत. त्यांनी लावलेल्या लाल-पिवळ्या निशाणांच्या मधल्या पाण्यातच पोहावे. नुसते लाल निशाण असेल तर पाण्यात उतरू नये.

चौथा दिवस : फळीवर

आता शिक्षकांच्या सोबतीने फळी घ्यायला हरकत नाही. नवशिक्याची फळी माणसापेक्षा लांब, फेसासारख्या हलक्या पदार्थाची आणि वरून मऊ असते. ती जितकी लांबरुंद तितकी पाण्यावर स्थिर. तिची दोरी घोट्याला बांधतात, म्हणजे पडलात तरी फळी दूर जात नाही आणि दुसऱ्यालाही लागत नाही.

फळीवर पालथे पडून हातांनी पाणी मागे सारायचे. हात पाणी मागे ढकलतात, पाणी फळीला पुढे ढकलते. इथे न्यूटनचा तिसरा नियम कामाला येतो. उथळ पाण्यात लाटेचा वेग फक्त खोलीवर ठरतो. खोली मीटरमध्ये घ्या, तिला ९.८ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. सव्वा मीटर खोलीला उत्तर येते सेकंदाला साडेतीन मीटर, म्हणजे ताशी सुमारे साडेबारा किलोमीटर. खुल्या समुद्रात ताशी ९० किलोमीटर वेगाने धावणारा हाच माथा इथे सायकलच्या चालीवर आलेला असतो! म्हणून तर तो आपल्याला पकडता येतो.

हातांनी कितीही पाणी मारले तरी साडेतीन मीटरचा वेग गाठता येत नाही. पण लाट मागून उचलते, फळीचे शेपूट वर जाते आणि फळी उतारावर येते. पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. घसरगुंडीवरून घसरावे तशी फळी लाटेच्या उतारावरून घसरते. घसरगुंडी मात्र जागची जागी असते आणि हा उतार तुमच्यासोबत पळत असतो. तुम्ही सतत खाली घसरता, लाट सतत तुम्हाला वर उचलते, आणि दोन्ही मिळून किनारा जवळ येतो.

किनाऱ्याचा तळ हळूहळू उतरत असेल तर लाट माथ्यावरून फेस सांडत सावकाश फुटते. शिकणाऱ्याला अशीच लाट हवी. तळ एकदम उतरता असेल तर लाट कमान करून धाडकन कोसळते. तिच्यापासून दूर राहावे. एक घनमीटर समुद्राचे पाणी एक टनाहूनही जड असते, हे विसरू नये. भरती-ओहोटीने खोली बदलते, म्हणून एकाच किनाऱ्यावर सकाळची लाट आणि दुपारची लाट निराळी वागते. पावसाळ्यात मोठ्या लाटा वाळू ओढून समुद्रात नेतात आणि तळच बदलून टाकतात. ऑक्टोबरनंतर शांत लाटा ती वाळू हळूहळू परत आणून देतात. म्हणून पावसाळ्यात लाटस्वारी शिकायची नाही आणि पोहायचेही नाही. आणि जाणत्या माणसाला, रापणकारांना, जीवरक्षकांना ‘आज पाणी कसे आहे?’ हे रोज विचारायचे. कालचे उत्तर आज चालत नाही.

पहिल्या दिवशी बहुतेक जण चार-पाच वेळा तरी पालथे होतात. नाकातोंडात खारे पाणी जाते. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पाचवा दिवस : वादळाचा पत्ता

पाचव्या दिवशी पहाटे पुन्हा घड्याळ आणि वही घेऊन बसा. दुसऱ्या दिवशी जिथून मोजले होते, तिथूनच दहा लाटा मोजा. समजा, या वेळी ११० सेकंद लागले. आवर्तकाल १६ वरून ११ वर आला. लाटा त्याच दिशेने येत आहेत, पण घाईने. घड्याळ बिघडले की काय?

नाही. एकाच वादळात लांब आणि आखूड, सर्व प्रकारच्या लाटा उठतात. लांब आवर्तकालाच्या लाटा वेगाने धावतात, आखूड आवर्तकालाच्या मागे पडतात. शर्यत एकाच वेळी सुरू झाली, पण पोचण्याच्या वेळा निराळ्या. १६ सेकंदांच्या एकेका माथ्याचा वेग ताशी ९० किलोमीटर असतो खरा. पण लाटांचा तांडा त्याच्या निम्म्याच वेगाने पुढे सरकतो, कारण तांड्याच्या पुढच्या लाटा विरत जातात आणि मागे नव्या उठत राहतात. म्हणून १६ सेकंदांच्या लाटांचा तांडा ताशी ४५ किलोमीटरने येतो, तर ११ सेकंदांचा ताशी ३१ किलोमीटरने.

आता हे गणित तुमच्या ओळखीचे झाले. एकाच स्थानकावरून दोन गाड्या एकाच वेळी सुटल्या. एकीचा वेग ताशी ४५, दुसरीचा ताशी ३१ किलोमीटर. पहिली गाडी दुसरीपेक्षा ७२ तास आधी पोचली. तर स्थानक किती दूर? अंतर ‘क्ष’ मानून समीकरण मांडा. क्ष भागिले ३१, वजा क्ष भागिले ४५, बरोबर ७२. उत्तर येते सुमारे ७१७४ किलोमीटर. हरमलपासून एवढे अंतर दक्षिणेकडे मोजले तर आपण जवळजवळ ४९ अंश दक्षिण अक्षांशावर पोचतो. नकाशात पाहा, फ्रान्सची केर्गेलेन बेटे याच अक्षांशाला आहेत. तोच तो वादळी पट्टा. ४५ ने भागले तर कळते, की दुसऱ्या दिवशी पाहिलेल्या लाटा वादळातून निघून हरमलला पोचायला सुमारे १५९ तास, म्हणजे साडेसहा दिवसांहून थोडे अधिक, लागले होते. तुम्ही प्रवासाच्या तयारीला लागलात, तेव्हा त्याही वाटेला लागल्या होत्या!

प्रत्यक्षात दोन-तीन वादळांच्या लाटा एकदम आल्या तर मोजणी गोंधळते. मग आणखी एखादा दिवस थांबावे लागते. एका दिवसात पाच किनारे पाहून परतणाऱ्या प्रवाशाला आवर्तकाल बदललेला कधीच दिसणार नाही. त्यासाठी एकाच जागी, एकाच दगडाकडे तोंड करून रोज बसावे लागते. या बाबतीत पाठीवर पिशवी टाकून निवांत राहणाऱ्या मुशाफिराचे आणि शास्त्रज्ञाचे चांगले जमेल.

हरमललाच गेले पाहिजे असे नाही. गणपतीपुळे, तारकर्ली, दिवेआगर, मुरूड, जिथे कुठे सहल जाईल तिथे लाटा आहेतच. पोचल्याबरोबर पाण्याकडे धावू नका. पहिली वीस मिनिटे वाळूवर बसा. आवर्तकाल मोजा. मोठ्या लाटांची पाळी किती वेळाने येते ते पाहा. लाटा कुठे फुटतात आणि कुठे फुटत नाहीत याचा वहीत साधा नकाशा काढा. तो नकाशा आपल्या मित्रांना दाखवा, निशाणे कुठे आहेत ते पाहा, आणि मग पाय भिजवा.